पोरीचा गुडघा आणि एका ताऱ्याचा जनरल

मी भित्रा माणूस आहे. छावणीत माझं मिलिटरी टेलरचं दुकान आहे. वडलांनी सुरू केलं, मी चालवतो. समोरून दिवसभर फौजी जातात-येतात, काचेच्या कपाटात फिती, तारे, पट्टे मांडलेले, त्यामुळं लोकांना वाटतं की मालकही आतून कडक असणार. आतून मी नुसतं अस्तर आहे, तेही विरलेलं. मला पालीची भीती वाटते. क्रांती चौकात सिग्नल सुटल्यावर मागचा हॉर्न वाजवतो त्याची वाटते. आमच्या हिची तर लग्नाच्या आधीपासून वाटते.

पण ही सगळी किरकोळ भीती. ठोक भीती काय असते ते मला गेल्या हिवाळ्यात कळलं. दारात रिक्षा थांबली, आधी पट्ट्यात गुंडाळलेला एक सुजलेला उजवा गुडघा बाहेर आला आणि मागून आमची पोरगी.

ती फुटबॉल खेळते. हौस म्हणून नव्हे, तोच तिचा धंदा आहे. दक्षिणेतल्या एका क्लबशी तिचा करार होता, महिन्याला पगार, राहायला खोली. दोन मोसम ती बचाव फळीत खेळली होती, तिसरा सुरू होता. माझ्या दुकानात रोज पेपर वाचायला एक निवृत्त सुभेदार येतात. त्यांनी आणि मी मिळून तिच्या सगळ्या कारकिर्दीचे हुद्दे ठरवून टाकले होते. शाळेच्या संघात आली तेव्हा शिपाई. जिल्ह्याच्या संघात नाईक, राज्याच्या संघात हवालदार. क्लबनं करार केला त्या दिवशी सुभेदारसाहेब खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "मास्तर, आता ती लेफ्टनंट. आता मला तिला सॅलूट करावा लागंल." आणि खरंच केला. पोरगी लाजली, मी रडलो. मी रडतोही लवकर.

फौजेत कर्नलला चोपन्नाव्या वर्षी घरी पाठवतात. फुटबॉलवाल्यांना त्याच्या कितीतरी आधी. आणि गुडघा गेला तर वय बघत नाहीत. हे मला सुभेदारांनीच कधीतरी सांगितलं होतं, तेव्हा मी हसलो होतो. गुडघा सरावात गेला होता. कुणी पाय मारला नाही, धक्का दिला नाही. ती पळता पळता वळली आणि आतून कट्‌ असा आवाज आला, एवढंच. तो आवाज तिनं मला फोनवर तोंडानं करून दाखवला होता. मला अजून ऐकू येतो.

क्लबच्या डॉक्टरनं सांगितलं, गावी जा, एमआरआय काढा, मग बोलू. करार मोसमाच्या अखेरीस संपत होता. आतला बंध, म्हणजे लिगामेंट, नुसता ताणला असेल तर दोन महिन्यांत मैदानात. तुटला असेल तर ऑपरेशन, आणि जवळजवळ वर्ष घरी. वर्षभर न खेळलेल्या पोरीला कोण घेतं?

एमआरआय संध्याकाळी झाला. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी बारापर्यंत मोबाईलवर येणार होता.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दुकानात एक तरुण कॅप्टन घाईघाईनं आला. परदेशी पाहुणे आलेत, छावणीत सलामी आहे, तिथून गाड्या थेट वेरूळला, बारा वाजता कैलास लेण्यासमोर सगळ्यांचा फोटो. पाहुण्यांचे म्होरके एक जनरल. त्यांच्या खांद्यावरच्या दोन कापडी पट्ट्या त्यानं माझ्यापुढं ठेवल्या. एका पट्टीवरचा तारा उसवून धाग्याला लोंबत होता.

"अंकल, दस मिनिट में हो जाएगा ना? सर का रँक हमारे ब्रिगेडिअर के बराबर है."

मी म्हणालो हो जाएगा. सुई हातात घेतली आणि डोक्यात बारा वाजायला सुरुवात झाली. तुटला की ताणला? ताणला की तुटला? पट्टीवर दोन तारे. ब्रिगेडिअरच्या बरोबरीचा, म्हणजे एका ताऱ्याचा. आपल्या ब्रिगेडिअरच्या कॉलरवर एकच तारा असतो, हे मला झोपेतही सांगता येतं. मग हा लोंबणारा तारा जास्तीचा. कुणीतरी चुकून लावलेला, म्हणूनच सुटत आला असणार! मी तो अलगद काढला. राहिलेला तारा उसवून मधोमध घेतला. मग पाहिलं तर दुसऱ्या पट्टीवरही दोन. दोन्ही खांदे जुळायला नकोत का? मी कारागीर माणूस. तिथलाही एक काढला, एक मधोमध घेतला, वरून इस्त्री फिरवली. कॅप्टननं न बघताच पट्ट्या पाकिटात घातल्या आणि जीप धूळ उडवत गेली.

सुभेदारसाहेब दहाच्या सुमारास आले. पेपर उघडला, मिटला, माझ्या टेबलाकडं बघितलं.

"मास्तर, हे दोन तारे कुठले?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. चष्मा पुसला आणि बोटानं माझ्या मागच्या भिंतीकडं दाखवलं.

त्या भिंतीवर माझ्याच हातानं लिहिलेला तक्ता आहे, जगातल्या जनरलांचा. कुठल्या देशात कुणाच्या खांद्यावर काय, ते मी वर्षानुवर्षं गोळा केलंय. येणाऱ्या-जाणाऱ्या अधिकाऱ्यांना विचारून, जुन्या मासिकांतून कापून. आपल्याकडं ब्रिगेडिअरला जनरल म्हणत नाहीत. काही देशांत त्याच्या बरोबरीच्या हुद्द्याला ब्रिगेडिअर जनरल म्हणतात. आणि काही देशांत जनरलकीची सुरुवातच दोन ताऱ्यांपासून होते, एका ताऱ्याचा जनरल तिथं नसतोच. हा तक्ता बघायला लोक येतात. मी छडी घेऊन समजावून सांगतो. पाहुण्यांचा देश त्यात वरून चौथ्या ओळीत होता, आणि त्याच्यापुढं लाल शाईनं, माझ्याच अक्षरात, 'दोनपासून सुरुवात'.

सुभेदारसाहेब म्हणाले, "मास्तर, तुमी एका माणसाला अशा हुद्द्यावर बसवलंत की तो हुद्दाच त्यांच्या फौजेत नाय."

"आता काय करू?"

"तारे घ्या, सुई घ्या, निघा. फोटो बाराला हाय."

कॅप्टनला फोन लावला. तिकडून एकच वाक्य, "अंकल, बारह से पहले आ जाइए, प्लीज." त्या प्लीजमध्ये त्याची सगळी नोकरी होती.

घरी गाडीची किल्ली घ्यायला गेलो तर पोरगी दारातच कुबड्या घेऊन उभी. सगळं ऐकून म्हणाली, "मी पण येते."

आतून ही ओरडली, "अगं पाय बघ तुझा! गाडीत दुमडून बसशील तीस किलोमीटर?"

"आई, घरात बसून रिपोर्टची वाट बघत बसले ना, तर मी वेडी होईन. तू दर पाच मिनिटाला देवापुढं दिवा लावतीयेस. तेल संपंल."

"अवो, तुम्ही तरी सांगा तिला."

मी कुणाला काय सांगणार? मला स्वतःला वेरूळला कुणीतरी हाताला धरून न्यायला हवं होतं.

दौलताबादचा घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. मागं पर्यटकांच्या बसची रांग लागली. पोरगी मागच्या सीटवर पाय लांब करून बसली होती, मोबाईल मांडीवर पालथा. मला आरशातून फक्त तो मोबाईल दिसत होता.

"पप्पा, त्यांनी तुम्हाला पकडलं तर?"

"कोण पकडतंय?"

"लष्कर. परदेशी जनरलचं डिमोशन केलंत तुम्ही. मोठा गुन्हा असंल."

ती हसत होती. मी तोवर मनात जामिनाला कोण येईल याची यादी सुरू केली होती. यादीत सुभेदारसाहेब आणि मेहुणा. मेहुण्याचा भरवसा नव्हता.

पावणेबाराला पोचलो. कॅप्टन फाटकाशीच उभा होता, घामानं भिजलेला. आम्हाला गर्दीतून आत नेलं. पोरगी कुबड्यांवर माझ्यापेक्षा भराभर चालत होती. कैलास लेण्याच्या समोर झाडाखाली पाहुणे पाणी पीत उभे. जनरल उंच, साठीच्या आतबाहेर, नाक उन्हानं लाल झालेलं. खांद्यांवर एकेक तारा, मधोमध, एकदम सरळ. काम मात्र सुरेख झालं होतं, खोटं कशाला बोलू.

कॅप्टननं इंग्रजीत काहीतरी सांगितलं. जनरलनं स्वतःच्या खांद्याकडं मान वळवून पाहिलं. मी डोळे मिटले. मग हसण्याचा आवाज आला. जनरल त्यांच्या माणसांना काहीतरी म्हणाले आणि ते सगळे हसले. पोरीनं माझ्या कानात सांगितलं, "ते म्हणतायत, सकाळपासून सलामी घेतली, चहा घेतला, लेणी बघितली. आणि हा सगळा वेळ ते अशा हुद्द्यावर होते जो त्यांच्या देशात कुणालाच मिळालेला नाय. म्हणतात, एकटाच आहे मी."

त्यांनी पट्ट्या काढून माझ्या हातात दिल्या. मी एका दगडावर बसलो, डबी उघडली आणि शिवायला लागलो. आधीचा तारा बाजूला सरकवायचा, दुसरा शेजारी लावायचा. जनरल वाकून बघत होते. पहिली पट्टी झाली. दुसरी हातात घेतली तेवढ्यात पोरीच्या हातातला मोबाईल वाजला. एकदाच, छोटासा आवाज.

तिनं स्क्रीनकडं बघितलं आणि मोबाईल माझ्यापुढं धरला.

"पप्पा, तुम्ही वाचा."

"मी? मला कुठं कळतंय त्यातलं?"

"खाली शेवटी दोन ओळी असतात. तेवढ्याच वाचा. माझ्यानं नाय होणार."

एवढी वर्षं ती अंगावर येणाऱ्या बायकांना अडवत आलीय, दात पडला तरी खेळलीय. तिच्यानं दोन ओळी वाचवत नव्हत्या, म्हणून तिनं मोबाईल दिला कुणाला, तर पालीला भिणाऱ्या माणसाला. मी सुई शर्टाला टोचून ठेवली. ओळी मोठ्या केल्या. इंग्रजी माझं मोडकं, पण 'कम्प्लीट' हा शब्द मला येतो. कापडाच्या गठ्ठ्यावर असतो, ऑर्डरच्या चिठ्ठीवर असतो. त्याच्या पुढचा 'टेअर'ही येतो. धंदाच तो आहे माझा, फाटलेलं ओळखायचा.

"काय आहे?"

माझ्या तोंडातून निघालं, "थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

"अर्धं. अर्ध्याच्या आतच. डॉक्टर सांगतील ना नीट."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हात पुढं केला. मी मोबाईल दिला. ती वाचत होती तेव्हा लेण्यातून शाळेच्या पोरांची एक रांग आरडत बाहेर आली आणि आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. ती रांग संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. जनरलनं कॅप्टनला विचारलं, कॅप्टननं हळू आवाजात काहीतरी सांगितलं, आणि तो उंच माणूस दोन पावलं मागं सरकून, आमच्याकडं पाठ करून, शिखराकडं बघत उभा राहिला. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, पण त्याची ती पाठ मी विसरणार नाही.

"पप्पा," पोरगी म्हणाली, "दुसरा तारा लावा आधी. फोटो थांबलाय."

मी लावला. बोटात सुई गेली, पट्टीच्या आतल्या बाजूला रक्ताचा बारीक ठिपका पडला. तारा किंचित तिरपा बसला. तसाच फोटो निघाला.

परत येताना घाटाच्या अलीकडं ती बोलली. तोवर मीच बडबडत होतो. आजकाल दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, अमक्याचा गुडघा, तमक्याचा गुडघा. सगळे गुडघे माझ्या ऐकिवातले, बरेच खोटे.

"तुम्ही अर्धं का म्हणालात?"

"घाबरलो मी, माय."

"तुम्ही रोजच घाबरता. पण सकाळी जनरलचा तारा काढलात, कुणी सांगितलं नव्हतं. आणि दुपारी माझं फाटलेलं अर्धं करून टाकलंत, तेही कुणी सांगितलं नव्हतं. आई रडते, तुम्ही थरथर कापता. मला खरं सांगणारं एक तरी माणूस पायजे का नाय घरात?"

मी गिअर बदलला. ती बरोबर होती, आणि मागचा बसवाला हॉर्न देत होता.

ऑपरेशन झालं. क्लबनं मोसम संपल्यावर करार वाढवला नाही. पत्र सभ्य होतं, लवकर बरी हो म्हणून लिहिलं होतं. ते पत्र या वेळी मी तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता. माझा आवाज दोनदा गेला. तिनं दोन्ही वेळा थांबून वाट बघितली.

मग महिने सुरू झाले. आधी नुसतं पाय उचलणं. मग भिंतीला पाठ लावून बसणं, जिने, सायकल, मग सरळ रेषेत पळणं. रोज सकाळी मी तिला मैदानावर सोडायचो आणि कडेला उभा राहायचो, दुकान उघडायला उशीर करून. ती सरळ पळायची तोवर ठीक. वळली की माझ्या पोटात कट्‌ असा आवाज व्हायचा. सुभेदारसाहेब एकदा बरोबर आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा चेहरा बघूनच तिचा गुडघा परत सुजंल. तिकडं तोंड करा."

नवव्या महिन्यात डॉक्टरनं सांगितलं, आता अंगाला अंग लावून खेळायला हरकत नाही. दुसऱ्या एका क्लबनं चाचणीला बोलावलं होतं. फक्त चाचणी, पुढचा शब्द काही नाही. चाचणीत पहिल्याच तासाला एखादी खेळाडू थेट अंगावर घालतात, हे तिनं आम्हाला जेवताना सांगितलं. तो पाय धक्का सोसतो की नाही, एवढंच त्यांना बघायचं असतं. हिचा घास हातातच राहिला.

निघायच्या आधी तिला तेच इथं बघून घ्यायचं होतं. मैदानावर सकाळी सात-आठ मुली सरावाला येतात. तिनं एकीला सांगितलं, बॉल माझ्या पायात आहे, जोरात ये, घाबरू नको. मुलगी पळत आली आणि दोन हातांवर थांबली.

"ताई, नाय जमत मला."

दुसरी आली. ती तर लांबूनच वळली. सगळ्यांना तो गुडघा माहीत होता, गावभर झाला होता. पोरगी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, मैदानभर बघितलं, आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी आधी मागं वळून पाहिलं, कोण आहे म्हणून.

"पप्पा, या."

"मी? अगं मला चोपन्न चालूय!"

"पळता तर येतं ना? या अंगावर. थेट गुडघ्यावर."

मी चपला काढल्या. पँटची घडी वर केली. एवढ्या वेळात दुकानाचं कुलूप, माझं बीपी, कोपऱ्यात चरणाऱ्या दोन शेळ्या, सगळं आठवून झालं. निघालो. पोट पुढं, मी मागं. जवळ आलो तसा माझा पाय आपोआप हळू झाला आणि तिनं बॉल बाजूला घेऊन मला सहज सोडून दिलं.

"हळू आलात."

"मी असाच पळतो."

"नाय. तुम्ही थांबलात. परत जा, आणि खऱ्यानं या."

परत गेलो. मला एवढंच कळत होतं की आत्ता हा गुडघा फुटला तर तो मी फोडलेला असेल, आणि मी नाही गेलो तर त्या दुसऱ्या गावात, अनोळखी लोकांसमोर, कुणीतरी जाणारच आहे. मी मुठी आवळल्या आणि पळालो, आयुष्यात कधी पळालो नाही तसा. तिच्या उजव्या पायावर डोळे ठेवून, सगळं वजन घेऊन.

धडकलो. माझा खांदा तिच्या मांडीला लागला, पाय पायात गेला, आणि मी तोंडावर आपटलो. तोंडात माती, चष्मा कुठं गेला पत्ता नाही. कानात काहीच ऐकू येत नव्हतं आणि मला मान वर करायचा धीर होत नव्हता. कट्‌ झालं होतं का? झालं असलं तर ते कुणाचं, माझं की तिचं?

मग माझ्या नाकासमोर तिचे दोन बूट दिसले. दोन्ही जमिनीवर, दोन्ही सरळ. उजवा बूट टाच वर करून हळूच वळला, एकदा इकडं, एकदा तिकडं.

"पप्पा, लागलं का?"

"नाय," मी म्हणालो. लई लागलं होतं. मग आठवलं आणि म्हणालो, "व्हय. लागलं. लई लागलं."

"उठा मग," ती म्हणाली, "आता डाव्या बाजूनं या."